कारखाने पुण्याकडे गेले, कामगार लालबागलाच का राहिला?

प्रश्न अर्थशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचा आहे. १९८० नंतर मुंबईतले कारखाने एकामागून एक बंद पडले, पण त्याच काळात पुणे, नाशिक, औरंगाबाद, रायगड इथे नवे उभे राहत होते. राज्यातून कारखानदारी काही नाहीशी झाली नव्हती. मग मुंबईचा कामगार दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं बेकार का राहिला? कामाच्या मागे का गेला नाही? तिच्या पुस्तकात उत्तर दिलं आहे : कौशल्य कालबाह्य झालं होतं आणि कामगारांची स्थलांतराची तयारी नव्हती.

मी आयुष्यभर कामगार न्यायालयांत कामगारांची बाजू मांडत आलो आहे. बंद गिरण्या, बंद इंजिनिअरिंग कारखाने, अडकलेली देणी हाच माझा रोजचा विषय. त्यामुळे आधी त्या दुसऱ्या कारणाबद्दल बोलतो. ज्या माणसाचा बाप चिपळूण, खेड, पाटण नाहीतर शिराळ्याहून बोटीने किंवा एसटीने मुंबईत आला, जो स्वतः दहा बाय बाराच्या खोलीत गाववाल्यांबरोबर पाळीपाळीने झोपला, ज्याची बायको-मुलं कित्येक वर्षं गावीच राहिली, त्याची स्थलांतराची तयारी नव्हती असं म्हणणं अन्यायाचं आहे. त्याचं सगळं आयुष्यच स्थलांतरात गेलं होतं. त्याचे पाय कशात अडकले ते आपण नीट पाहायला हवं.

माझं उत्तर थोडक्यात असं. मुंबईत गेलेली नोकरी आणि बाहेर तयार झालेली नोकरी ही एकच नोकरी नव्हती. आणि मुंबईतल्या कामगाराला त्याची नोकरी गेली आहे हेच कुणी वर्षानुवर्षे कागदावर लिहून दिलं नाही. मला विचाराल तर यातली दुसरी गोष्ट जास्त घातक ठरली.

आधी नकाशा बघू. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली कापड गिरण्यांतला संप सुरू झाला तेव्हा मुंबईत साठेक गिरण्या होत्या आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. पण बाजारात कापड कमी पडलं नाही. संपाच्या काळात अनेक गिरणीमालकांनी भिवंडीच्या यंत्रमागांवर कापड विणून घेतलं, त्यावर आपला शिक्का मारला आणि विकलं. हा मार्ग त्यांना आधीपासून ठाऊक होता, संपाने तो राजरस्ता केला. गिरण्यांनी भंगारात काढलेले साचे, म्हणजे माग, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या गाळ्यांत जाऊन पुन्हा खडखडू लागले. म्हणजे कित्येकदा यंत्र तेच, कापडही तेच, आणि भिवंडीचं अंतर लालबागपासून जेमतेम पन्नास किलोमीटर. विणकराने गाडी पकडून जायला काय हरकत होती?

काही जण गेलेही. परळच्या एका गिरणीत तिसऱ्या पाळीला चार साचे चालवणारा एक विणकर पुढे माझा पक्षकार झाला. धागा तुटला की साच्याच्या आवाजावरून त्याला कळायचं, बघावं लागत नसे. तो भिवंडीला गेला. तिथे बारा तासांची पाळी होती, पगार महिन्यावर नव्हता, मीटरवर होता. हजेरीपट नाही, फंड नाही, रजा नाही. गाळा एकाच मालकाचा, पण कागदावर भावाच्या, बायकोच्या, मेव्हण्याच्या नावाने तुकड्यातुकड्यांत वाटलेला, म्हणजे कुठल्याच तुकड्यात दहा माणसं भरत नसत आणि कारखाना कायदा लागू होत नसे. रात्री झोपायची सोय साच्यांच्या मधल्या जागेत. कामाला बहुतेक पोरं विशी-पंचविशीतली, उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलंगणातून आलेली, ज्यांच्यामागे अजून संसार नव्हता किंवा गावी होता. याचं वय बेचाळीस. मालकाने त्याचं काम पाहिलं, वाखाणलं आणि म्हणाला, “मामा, काम चांगलं आहे तुमचं, पण बारा तास उभं राहाल का?” काही महिन्यांनी तो परत आला. त्याचं कौशल्य जराही जुनं झालेलं नव्हतं. त्या कौशल्याला गिरणीत पगार, फंड, ग्रॅच्युइटी आणि आठ तासांची पाळी मिळत होती आणि गाळ्यात यातलं काहीच नव्हतं, एवढाच फरक होता.

दुसरा प्रवाह इंजिनिअरिंग, औषधं आणि रसायनांचा. तो काही संपाने सुरू केला नाही. पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये आली. एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली. १९६४ पासून राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना चालू होती. उद्योग मुंबई-ठाणे पट्ट्याबाहेर मागास भागांत जावेत म्हणून सवलती द्यायच्या, असं तिचं धोरण. टेल्को (आजची टाटा मोटर्स) १९६० च्या दशकात पिंपरीत आली, बजाजचा औरंगाबादजवळच्या वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. हे धोरण मला चुकीचं वाटत नाही. मराठवाड्यातल्या पोराला आपल्याच जिल्ह्यात कारखान्यात काम मिळावं यात गैर काहीच नाही. पण एका ठिकाणी कारखाना यावा म्हणून सवलत देणाऱ्या सरकारने, दुसऱ्या ठिकाणी तो बंद होईल तेव्हा तिथल्या माणसाचं काय करायचं, याची योजना त्याच फाइलमध्ये कधी ठेवली नाही.

वाळूजला किंवा पुण्याजवळच्या भोसरीला भरती व्हायची ती आयटीआय झालेल्या, विशीतल्या मुलांची. भरती आत असलेल्या माणसाच्या ओळखीने, म्हणजे तिथल्याच गावांतून. मुंबईच्या कामगाराची ओळख होती लालबागच्या गाववाल्यांत आणि मुकादमात, आकुर्डीत त्याला कोण ओळखणार? शिवाय काळाचा हिशेब घाला. संपात ३५ वर्षांचा असलेला माणूस चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला तेव्हा, २००९ मध्ये, ६२ वर्षांचा होता. नकाशावर आपण दोन रंग शेजारी-शेजारी काढतो आणि रोजगार इकडून तिकडे सरकला म्हणतो. माणसाच्या वयात तो हिशेब बसत नाही.

खोलीचाही विचार करा. चाळीतली पागडीची, भाडं नाममात्र असलेली खोली ही त्या कुटुंबाची एकमेव मिळकत होती. पुण्यात जायचं तर तिथलं भाडं नव्या पगारातून जाणार आणि इथली खोली सोडली तर ती कायमची गेली. त्यात संपाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून घर चालत होतं ते बायकोच्या कमाईवर : खानावळ, शिवणकाम, पापड, दुसऱ्यांकडची धुणीभांडी. ती कमाई त्या गल्लीतल्या गिऱ्हाइकांवर उभी होती, ती उचलून भोसरीला नेता येत नव्हती. या बायकांनी एक सबंध पिढी जगवली. आकडेवारीत मात्र त्यांच्यापैकी बहुतेकींची नोंद ‘घरकाम’ अशीच आहे.

आता कागदाकडे येतो, कारण खरी गाठ तिथेच आहे.

औद्योगिक विवाद कायद्यानुसार शंभर किंवा अधिक कामगार असलेला कारखाना बंद करायचा तर सरकारची आधी परवानगी लागत असे आणि बंद करताना प्रत्येक पूर्ण वर्षाच्या सेवेमागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागत असे. कागदावर हे संरक्षण चांगलं होतं. पण मालक परवानगीच मागायचे नाहीत. वीजबिल थकवायचं, वीज तुटू द्यायची. कच्चा माल आणायचा नाही. फाटकावर नोटीस लावायची की “आर्थिक अडचणीमुळे काम तात्पुरतं स्थगित”. सगळा खेळ त्या ‘तात्पुरतं’ शब्दात होता. कारखाना बंद झालेला नाही, कामगाराला काढलेलं नाही, पगार मात्र नाही.

त्यात १९८५ चा आजारी उद्योगांचा कायदा आला आणि तोट्यात बुडालेल्या, म्हणजे ‘आजारी’ कंपन्यांचं पुनरुज्जीवन होऊ शकतं का ते ठरवणारं बीआयएफआर हे मंडळ १९८७ मध्ये काम करू लागलं. प्रकरण तिथे नोंदलं गेलं की कंपनीच्या मालमत्तेवरची जप्ती, वसुली अशी बहुतेक पावलं कलम २२ खाली थांबत. पुनरुज्जीवनाची योजना तयार व्हायची, फसायची, पुन्हा नवी यायची. प्रत्येक योजनेत एक ओळ असायची की उत्पादन सुरू होईल आणि कामगारांना टप्प्याटप्प्याने कामावर घेतलं जाईल. ती ओळ वाचून दाखवली की माझ्यासमोर बसलेली माणसं सरळ होऊन बसायची. उद्या फाटक उघडलं आणि आपण पुण्यात असलो तर? नाव खाली जाईल, वीस वर्षांची सेवा जाईल, ग्रॅच्युइटी जाईल. सगळ्यात जास्त भीती बदली कामगारांना, म्हणजे कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवशीच ज्यांना काम मिळे त्यांना. ज्यांनी दहा-बारा वर्षं रोज सकाळी फाटकावर उभं राहून कायम होण्याची वाट पाहिली होती, त्यांना अजून चार वर्षं वाट पाहणं अवघड वाटत नव्हतं.

मदतीच्या योजनाही याच कागदाशी बांधलेल्या. केंद्राने १९८६ मध्ये वस्त्रोद्योग कामगारांसाठी पुनर्वसन निधी योजना आणली : पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के, तिसऱ्या वर्षी २५ टक्के. कल्पना उत्तम होती. जवळचा पैसा संपायच्या आत माणसाने दुसरं काम शोधावं, शिकावं, एवढी उसंत त्यात होती. पण पात्रतेसाठी गिरणी कायदेशीररीत्या बंद झालेली हवी, म्हणजे बंद करण्याची परवानगी तरी मिळालेली हवी, नाहीतर न्यायालयाने अवसायक, म्हणजे कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणारा अधिकारी, तरी नेमलेला हवा. जिचं फाटक ‘तात्पुरतं’ बंद आहे तिच्या कामगाराला छदामही नाही. पाच-सात वर्षांनी अवसायक नेमला जाई, तोवर माणूस पन्नाशीला आलेला असे.

आता एक गोष्ट सांगतो जी पुस्तकांत क्वचित येते. बेकायदा बंद किंवा बेकायदा बडतर्फीच्या खटल्यात मागचा पगार मागायचा तर कामगाराला सांगावं लागतं की या काळात मी कुठे पगारी कामाला नव्हतो. कामगाराला परत कामावर घ्या असा निकाल लागला आणि मालक त्याविरुद्ध वरच्या न्यायालयात गेला, तर औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १७-ब खाली कामगाराला शेवटच्या पगाराइतकी रक्कम मिळत राहायची, पण त्यासाठी तो कुठेही नोकरीला नाही असं प्रतिज्ञापत्र द्यावं लागायचं. तत्त्व समजण्यासारखं आहे : दोन्हीकडून पगार नको. परिणाम मात्र बघा. भांडुपला लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एका कारखान्यातला टर्नर बायकोला घेऊन माझ्याकडे आला होता. मी नेहमीचा प्रश्न विचारला, “या काळात काही काम केलंत?” त्याने उत्तर दिलं नाही, बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, “सकाळी भाजी आणतो दादरहून, विकतो. ते काम धरतात का?” तसली फुटकळ कमाई न्यायालय सहसा नोकरी धरत नाही आणि खरं ते लिहिलेलंच बरं, असं मी त्यांना सांगितलं. पण त्याला ठाण्यात एका वर्कशॉपमध्ये लेथवर कायमचं काम मिळत होतं, ते त्याने घेतलं नाही. घेतलं तर खटला कमजोर होईल असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. चांगलं काम नाकारायचं, फुटकळ काम लपूनछपून करायचं आणि तारखेची वाट बघायची, असं त्याच्या हातांच्या कसबाच्या ऐन वर्षांत चाललं. लेथवरून इतकी वर्षं दूर राहिलेल्या माणसाला पुढे संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रावर कोण घेणार? पुस्तकातलं कालबाह्य कौशल्य असं तयार झालं. ते बेकारीचं कारण म्हणून आधी आलं नाही, बेकारी लांबली म्हणून नंतर आलं.

यावर काही अर्थतज्ज्ञ म्हणतात की बघा, कामगार कायदे कडक होते म्हणून हे झालं. मला ते पटत नाही. मालकाने कायदा पाळून परवानगी मागितली असती आणि सरकारने वेळेत हो किंवा नाही सांगितलं असतं, तर कामगाराच्या हातात पैसा आणि एक ठाम तारीख आली असती. ज्यांचं फाटक ठरल्या दिवशी, देणी चुकती करून बंद झालं त्यांची पोरं-बाळं लवकर सावरली, हे मी पाहिलं आहे. माणूस वाईट बातमी पचवतो आणि पुढच्या कामाला लागतो. न दिलेल्या बातमीने तो जागच्या जागी थांबतो. आता औद्योगिक संबंध संहितेने परवानगीची अट तीनशे कामगारांवर नेली आहे. त्याने मधल्या आकाराचे कारखाने बंद करणं सोपं झालं, पण देणी बुडवून ‘स्थगित’ राहण्याचा रोग त्याने बरा होत नाही.

गिरण्यांच्या बाबतीत त्या थांबण्यामागे जमिनीचा भाव होता, हे उघड गुपित होतं. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या कलम ५८ ने गिरणीची जमीन विकायला वाट करून दिली, तेव्हा तिचे तीन भाग करायचे होते : एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये ते बदललं, वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची राहिली. ज्या जमिनीवर शेड उभे होते ती बाजूला काढल्यावर वाटायला फारसं उरलं नाही. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. १९८९ पासून दत्ता इस्वलकर आणि बंद गिरणी कामगार संघर्ष समितीने देणी आणि घरांसाठी लढा लावून धरला नसता, तर जे मिळालं तेही मिळालं नसतं. पण गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली २०१२ मध्ये, ६,९२५ घरांची. अर्ज दीड लाखाच्या घरात. संपाला तीस वर्षं झाली होती, कित्येक अर्जांवर सह्या वारसांच्या होत्या.

आता प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थिनीशी बोलतो. तुझ्या प्रबंधासाठी बेकारांच्या मोजणीबद्दल सांगणं भाग आहे. आपल्या देशाच्या सरकारी रोजगार पाहणीच्या साप्ताहिक निकषात, गेल्या सात दिवसांत एखाद्या दिवशी तासभर जरी काम केलं तरी माणूस कामावर धरला जातो. त्यामुळे दादरची भाजी विकणारा टर्नर बेकार नाही, स्वयंरोजगारी आहे. सहा महिने सातारच्या शेतात भावाला मदत करणारा विणकर शेतकरी आहे. शोधून शोधून थकलेला आणि आता काम मागायलाही न जाणारा तर श्रमशक्तीतच नाही. आंतरराष्ट्रीय व्याख्येने बारा महिने किंवा त्याहून अधिक काळ बेकार तो दीर्घकालीन बेकार. ही व्याख्या तू मुंबईला लावलीस तर तुला मुख्यतः नोकरी शोधणारे पदवीधर तरुण सापडतील, कारण घरी बसून शोधत राहणं त्यांनाच परवडतं. चाळिशीतला कामगार त्या रकान्यात दिसणारच नाही. त्याला शोधायचं तर त्याचं आधीचं काम आणि आताचं काम, आधीचा पगार आणि आताचा, शेजारी ठेवावे लागतील. पाहणी ते विचारत नाही. फंडाच्या नोंदी, दावे आणि अवसायकाकडची यादी यांतून ते निघू शकतं. कंटाळवाणं काम आहे, पण त्यातून तुझा प्रबंध वेगळा होईल.

आणि हे मुंबईपुरतं संपलेलं नाही. २००३ मध्ये केंद्राने उत्तराखंड आणि हिमाचलला उत्पादन शुल्कात दहा वर्षांची माफी दिली, उत्तराखंडातल्या पंतनगरला कारखाने गेले. पुढे, २००७ मध्ये, बजाजचं आकुर्डीतलं दुचाकी उत्पादन थांबलं. म्हणजे एकेकाळी मुंबईहून पुण्याकडे झुकलेला सवलतींचा तराजू पुण्याहून पुढे कलला. आज चाकण-रांजणगावला नोकऱ्या भरपूर दिसतात, पण त्यांचा आकार बदलला आहे. देशातल्या संघटित कारखान्यांत सध्या दर पाच कामगारांतले दोन कंत्राटी आहेत. बीड-लातूर-जळगावहून आलेला मुलगा वर्षभर शिकाऊ, मग सात महिने एका कंत्राटदाराकडे, मग दोन महिने खोलीवर, मग दुसऱ्या कंत्राटदाराकडे. तिशी ओलांडली की नव्या मुलांना घेतलं जातं. त्याचा कारखाना बंद पडत नाही, त्यामुळे त्याला भरपाई, खटला, संघर्ष समिती यांतलं काहीच मिळत नाही. त्याची बेकारी तुकड्यातुकड्यांची आहे आणि प्रत्येक तुकडा बारा महिन्यांपेक्षा छोटा असल्याने ती ‘दीर्घकालीन’ म्हणून मोजलीही जात नाही.

हे वाचणाऱ्यांत कुणाच्या कारखान्यात पगार थकू लागले असतील, तर त्यांच्यासाठी एवढं सांगतो. नेमणूकपत्र, पगारपत्रकं, फंडाचा यूएएन (खात्याचा क्रमांक), ईएसआयचा (कामगार विमा योजनेचा) क्रमांक, फाटकावरच्या प्रत्येक नोटिशीचा तारखेसह फोटो, हे सगळं आजच घरी आणून ठेवा. फाटक बंद झाल्यावर हजेरीपट मिळत नाही. कोऱ्या कागदावर किंवा ‘स्वेच्छानिवृत्ती’ असं लिहिलेल्या फॉर्मवर घाईने सही करू नका. ईएसआयमध्ये किमान दोन वर्षं वर्गणी भरलेल्या आणि कारखाना बंद किंवा कामगारकपात झाल्यामुळे नोकरी गेलेल्या माणसाला राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळू शकतो, पहिल्या वर्षी सरासरी रोजच्या पगाराच्या निम्मा आणि दुसऱ्या वर्षी पाव. स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला तो मिळत नाही. हा भत्ता मागणारे मला फार थोडे भेटले, कारण तो आहे हेच बहुतेकांना ठाऊक नसतं. कंपनी दिवाळखोरीत गेली तर २०१६ च्या कायद्याने अवसायनापूर्वीच्या चोवीस महिन्यांची कामगारांची देणी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने धरली जातात, पण दावा मुदतीत दाखल व्हायला हवा. जाहिरात वर्तमानपत्रात एकदाच येते.

आणि दुसरं काम मिळत असेल तर घ्या. खटला चालू असला तरी घ्या, तुमच्या वकिलाला सांगून घ्या आणि प्रतिज्ञापत्रात खरं लिहा. मागच्या पगारातला काही भाग त्याने कमी होईल, पण ग्रॅच्युइटी, फंड आणि बंद झाल्याची भरपाई त्याने बुडत नाही.